एका ओळीतली लक्ष्मीबाई



आपल्यापैकी कितीतरी जणी छान लिहितात. प्रवचनाची टिपणं काढतात, यात्रेची वर्णनं लिहितात, सुनेसाठी पापड-कुरडयांची प्रमाणं वहीत उतरवतात. पण "जुन्या काळातली एखादी गोष्ट लिही ना" असं म्हटलं की हात आखडतो. दोन कारणं सांगितली जातात. पहिलं, इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, त्यातलं आपल्याला काय कळतं? दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जे घडलं ते ठाऊक नसताना मनाने रचून लिहायचं म्हणजे सत्याणुव्रताला बाधा येत नाही का?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो आपल्या धर्मातूनच आला आहे. शास्त्रात विकथा टाळायला सांगितलं आहे. स्त्रीकथा, भोजनकथा, राजकथा, चोरकथा किंवा देशकथा, अशी ती नावं. गंमत बघा, ऐतिहासिक गोष्ट लिहायची तर याच सगळ्या गोष्टी तिच्यात येणार! राजा येणार, बायका येणार, स्वयंपाकघर येणार. मग काय करायचं?

आपल्या आचार्यांनी काय केलं ते पाहावं. चार अनुयोगांतला पहिला प्रथमानुयोग, म्हणजे कथांचा. आचार्य जिनसेनांनी गुरू वीरसेनांची अपुरी राहिलेली 'जयधवला' टीका इ. स. 837 मध्ये पूर्ण केली. कर्मसिद्धांताचा इतका अवघड ग्रंथ हाताळणाऱ्या याच आचार्यांनी 'आदिपुराण' रचलं आणि त्यात नगरं, उद्यानं, विवाह, युद्धं सगळं रंगवून सांगितलं. उद्योतनसूरींनी इ. स. 779 मध्ये जालोरला 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांचं वर्णन आहे, त्यांचे रंगरूप, स्वभाव आणि बोलीसुद्धा. त्यात आपले मराठेही आहेत. राजे, बाजार, बायका या कथांतही आहेत. कथा ऐकणाऱ्याला कुठे नेऊन सोडते, यावर ती विकथा की धर्मकथा हे ठरतं.

आणि असत्याचं म्हणाल तर तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत 'प्रमत्तयोग' हा शब्द आहे. टीकाकार तोच पुढे असत्याला आणि चोरीलाही लावतात. कषायाने, बेसावधपणे, दुसऱ्याला फसवायला केलेलं ते पाप. "ही माझी कल्पना आहे" असं आधीच सांगून लिहिलेल्या गोष्टीने कुणाची फसवणूक होत नाही. कल्पनेला इतिहास म्हणून खपवलं, तर मात्र होते. हे कुंपण सांभाळायचं, मग कुंपणाच्या आत कल्पनेला मोकळं सोडायला हरकत नाही.

आता पहिलं कारण, इतिहास म्हणजे राजे आणि लढाया. त्यासाठी मी एक खरी हकीकत सांगते. तिच्यात लढाई नाही, पण जीव टांगणीला लागावा असं बरंच काही आहे.

मूडबिद्रीची ताडपत्रं

श्रुतपंचमी आपण सगळ्या करतो. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला शास्त्रांची पूजा होते, जुनी वेष्टणं बदलली जातात. धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ज्ञान दिलं, त्यांनी 'षट्खंडागम' लिपिबद्ध केलं आणि त्याची पूजा झाली, तो हा दिवस. पुढे वीरसेनाचार्यांनी त्यावर 'धवला' ही विशाल टीका लिहिली, बहात्तर हजार श्लोकप्रमाण.

पण एक काळ असा होता की हा ग्रंथ वाचायला मिळणं सोडाच, त्याच्या जुन्या ताडपत्री प्रती कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या एका बसदीतच उरल्या होत्या. लिपी जुनी कन्नड, भाषा प्राकृत आणि संस्कृत. यात्रेकरू जायचे, दुरून दर्शन घ्यायचे, माथा टेकवून परत यायचे. ताडपत्रं जीर्ण होत चालली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांनी मनावर घेतलं की याच्या प्रती व्हायलाच हव्यात. हिराचंद म्हणजे 'जैन बोधक' हे मासिक सुरू करणारे. मूडबिद्रीच्या पंचांची आणि भट्टारकजींची समजूत काढावी लागली, वर्गणी जमवावी लागली. 1896 च्या सुमारास काम सुरू झालं. आधी ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्याय लिहायला बसले. ब्रह्मसूरी शास्त्रींच्या निधनानंतर गजपतींनी लेखन पुढे चालू ठेवलं. सगळ्या सिद्धांतग्रंथांच्या प्रती पुऱ्या व्हायला 1922 साल उजाडलं. सव्वीस वर्षं! या काळात जन्मलेल्या मुलीचं लग्न होऊन तिला मुलंबाळं झाली असतील.

पण अट अशी होती की नवी प्रतही मूडबिद्रीतच राहायची, बाहेर जायची नाही. म्हणजे पूर्वी ताडपत्रांचं दर्शन घ्यायचं, आता कागदांचं घ्यायचं.

इथे आपली लक्ष्मीबाई येते. गजपती उपाध्यायांनी ठरलेलं लेखन करता करता, कुणाला न कळू देता, कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली आणि ती स्वतःजवळ ठेवली. प्रा. हिरालाल जैन यांनी 'षट्खंडागमा'च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत ही सगळी हकीकत सांगितली आहे. ते म्हणतात की या कामात उपाध्यायांच्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांचा विशेष हात होता, आणि या ग्रंथांच्या पठण-पाठणाचा प्रसार व्हावा अशी त्यांचीच प्रबळ इच्छा होती. एवढंच. एका बाईचं सगळं धाडस एका ओळीत आलं.

पुढे गजपती ती प्रत घेऊन सोलापूरला हिराचंद नेमचंदांकडे गेले. ज्यांनी या कामासाठी इतकी वर्षं घालवली होती, त्या सेठजींनी ती ठेवून घेतली नाही. मग ती उत्तरेत सहारनपूरला लाला जंबूप्रसाद यांच्याकडे पोचली. तिथे सीताराम शास्त्री तिची नागरी प्रत करायला बसले आणि त्यांनीही एक जास्तीची प्रत स्वतःजवळ ठेवली! तिच्यावरून पुढे आणखी प्रती झाल्या. अमरावतीला, आरा इथे, आपल्या विदर्भातल्या कारंजाला त्या पोचल्या. या प्रतींच्या आधाराने हिरालालजींनी संपादन केलं आणि 1939 मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. आज आपल्या मंदिरांच्या कपाटांत धवलेचे सोळा खंड दिसतात, त्यांचा माग काढत मागे गेलं तर आपण लक्ष्मीबाईंच्या घरात पोचतो.

आणि आणखी मागे गेलं तरी तिथे बायकाच भेटतात. मूडबिद्रीतलं 'महाबंधा'चं ताडपत्र मल्लिकव्वे नावाच्या श्राविकेने पंचमीच्या व्रताच्या उद्यापनात लिहवून घेऊन माघनंदी मुनींना अर्पण केलं होतं. धवलेची एक प्रत देमियक्क या श्राविकेने शुभचंद्र मुनींना दिली होती. आपण उद्यापनाला भांडी, छत्र, चवऱ्या देतो. त्यांनी ग्रंथ दिले. म्हणून तर आठशे-नऊशे वर्षांनी नक्कल करायला काहीतरी उरलं होतं.

एका ओळीची गोष्ट कशी करायची?

इतिहासाने आपल्या हातात एक ओळ ठेवली. इथून पुढचं काम गोष्टीचं. आणि या कामात घर चालवणारी बाई कुठेच कमी पडत नाही, कारण हे प्रश्न तिलाच सुचतात.

ती लिहायची केव्हा? आपल्यात सूर्यास्ताआधी जेवणं होतात, म्हणजे दुपार उलटली की पुन्हा चूल. जीवजंतू दिव्यावर येऊन मरतील म्हणून रात्री दिवा लावणं टाळणारी घरं आपण पाहिली आहेत. मग उरला किती वेळ? मूडबिद्रीत पाऊस धो धो कोसळतो, कागद सर्द होतात, शाई फुटते. ओले कागद वाळवायचे कुठे? अंगणात तर घालता येत नाहीत. शेजारीण आली तर ते झाकायचे कशाखाली? बोटांवरची शाई कशाने जाते? सोवळ्याच्या स्वयंपाकात शाईचे हात चालतील का? नवरा-बायकोत यावर कधी वाद झाला असेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, कुणी सरळ विचारलं तर ती काय सांगणार? व्रती बाई खोटं कशी बोलणार?

बघा, एकाच ओळीतून किती दारं उघडली! मी यातलं शेवटचं दार निवडलं आणि थोडं लिहून पाहिलं. लक्ष्मीबाईंच्या मनात शिरायचं धाडस केलं नाही. मनाने एक शेजारीण रचली आणि तिला बोलायला लावलं. पुढचं सगळं माझी कल्पना आहे.

*आषाढाचा पाऊस चौथ्या दिवशीही थांबला नव्हता. लाकडं ओली, चूल विझलेली. मी करवंटी घेऊन विस्तव मागायला अक्कांकडे गेले. दार लोटलेलं होतं. एरवी ते सताड उघडं असायचं.*

*"अक्का, विस्तव आहे का?"*

*आत काहीतरी उचलल्याचा, काहीतरी झाकल्याचा आवाज झाला. मग अक्का आल्या. पदर खोचलेला, हात पाठीमागे.*

*"आहे की. थांब, आणते."*

*मी त्यांच्या दारात कधी थांबले नव्हते, सरळ चुलीपाशी जायची सवय. आताही गेले. चुलीपासून चांगलं दूर, कोरड्या भिंतीकडेला, तीन-चार सुपं ओळीने पालथी घातली होती. एका सुपाखालून कागदाची कड दिसत होती. चुलीत निखारे लाल होते, पण वर भांडं नव्हतं. या उन्हाळ्यात मुरवलेली लाकडं अक्का कशासाठी जाळत होत्या?*

*त्यांनी चिमट्याने निखारा उचलला. करवंटीत टाकताना हात पुढे आला. मधलं बोट आणि अंगठा काळा.*

*"काजळ धरलंत वाटतं?" मी विचारलं.*

*एवढा सोपा प्रश्न. 'हो' म्हटलं असतं तर मी घरी जाऊन विसरूनही गेले असते. अक्कांनी निखाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.*

*"काजळ नाही," त्या म्हणाल्या आणि गप्प राहिल्या.*

*मला लिहायला-वाचायला येत नाही. पण बसदीत दर्शनाला गेल्यावर काचेपलीकडची पानं बघून अक्का दर वेळी पुढे वाकायच्या आणि त्यांचे ओठ हलायचे, ते मी पाहिलं होतं. आम्ही सगळ्या डोळे मिटून हात जोडायचो. त्या डोळे उघडे ठेवायच्या.*

*मी पालथ्या सुपाची कड पायाने आत सारली. कागद दिसेनासा झाला. आम्ही दोघी काही बोललो नाही.*

*संध्याकाळी विहिरीवर कुणीतरी विषय काढलाच. "उपाध्यायांच्या घरचं दार हल्ली बंद असतं गं. काय करतात दिवसभर?"*

*सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी दोर सोडला, कळशी पाण्यात बुडेपर्यंत वाट पाहिली.*

*"या पावसात दार उघडं कोण ठेवतं?" मी म्हटलं.*

एवढंच लिहिलं. यात खरं काय आणि रचलेलं काय? लक्ष्मीबाई खऱ्या, त्यांची विद्वत्ता खरी, ग्रंथ पसरावेत ही इच्छा खरी, गुप्त प्रत खरी, मूडबिद्रीचा पाऊस खरा. शेजारीण, करवंटी, सुपं, ती काच, विहिरीवरचा संवाद हे सगळं माझं. असे दोन रकाने गोष्ट लिहिण्याआधी वहीत आखावेत, म्हणजे गोंधळ होत नाही. गोष्टीच्या शेवटी वाचणारणीलाही ते सांगावं.

चोरी की शास्त्रदान?

ही गोष्ट लिहायला घेतली की एका टोचणाऱ्या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. अट मोडून, लपवून केलेली नक्कल ही चोरी नाही का? न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे आपण लहानपणी पाठशाळेतच शिकतो. दुसऱ्या बाजूला आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानंही तिथेच शिकतो. लक्ष्मीबाईंच्या घरात अचौर्य आणि शास्त्रदान समोरासमोर उभे राहिले होते.

इथे घाई करणाऱ्या लेखिका लगेच एका बाजूला खलनायक उभा करतात. मूडबिद्रीचे पंच दुष्ट, सोलापूरचे सेठजी भित्रे, लक्ष्मीबाई शूर. संपली गोष्ट! पण खरा इतिहास असा सरळ नाही. ज्या मूडबिद्रीने ग्रंथ बाहेर जाऊ दिले नाहीत, त्याच मूडबिद्रीने शतकानुशतकं ते जपले. बाकी ठिकाणच्या प्रती गेल्या, इथल्या राहिल्या. शास्त्रं छापखान्यात गेली की त्यांचा अविनय होईल, ही भीती तेव्हा पुष्कळ श्रद्धाळू माणसांना होती. आणि पुढे धवलेचे खंड निघू लागल्यावर याच मूडबिद्रीच्या भट्टारकजींनी आणि पंचांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायला मदत केली. हिराचंद सेठजींचं बघा. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि त्यांनी ते ठेवून घेतलं नाही. त्या दिवशी त्यांच्या घरात काय बोलणं झालं असेल? यावरही एक गोष्ट होईल, आणि तीही तितकीच मोलाची होईल.

म्हणून माझं मत विचाराल तर सांगते. गोष्ट लिहिताना निकाल देऊ नये. दोन्ही बाजूंच्या माणसांना त्यांची कारणं पुरेपूर द्यावीत. यालाच तर आपण अनेकांत म्हणतो. प्रवचनात ऐकलेला अनेकांत कथा लिहिताना हाताला लागतो. पंचांच्या बाजूने एक पान लिहून बघा, मग लक्ष्मीबाईंच्या बाजूने. दुसरं पान लिहिताना पहिल्यासारखा राग उरत नाही. मला तर कल्पनाशक्तीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो. नुसतं नवीन सुचणं नाही, दुसऱ्याच्या जागी जाऊन बसता येणं.

सुरुवात करताना

काही पथ्यं मी पाळते, तुम्हालाही उपयोगी पडतील.

तीर्थंकर, गणधर, मुनिमहाराज यांच्या तोंडी मनाचे शब्द घालू नयेत. ते दुरून दिसावेत, बोलावं आपण रचलेल्या साध्या माणसांनी. दासी, शेजारीण, ताडपत्रं आणून देणारा, सुतार, पालखीचा भोई, यांच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांनी मोठी घटना जास्त जवळून दिसते.

काळाचं भान ठेवावं. अत्तिमब्बेंवर लिहायचं ठरवलंत, ज्यांनी दहाव्या शतकात पोन्नकवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती करवून वाटल्या, तर त्यांच्या स्वयंपाकात मिरची घालू नका! मिरची, बटाटा, टोमॅटो पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. तिखटपणाला तेव्हा मिरी होती. आणि हजार प्रती म्हणजे किती ताडपत्रं, किती लेखक, त्यांची रोजची किती पानं मांडायची, हे गणित गृहिणीला चांगलं जमेल. मोठं लग्न काढलेल्या घरासारखं ते चित्र उभं राहतं.

मोठी कादंबरी डोक्यात घेऊन बसू नये. एक दुपार, एक घर, एक अडचण. दोन पानं पुरेत.

आणि विषय शोधायला लांब जायला नको. येत्या श्रुतपंचमीला वेष्टणं सोडाल तेव्हा पोथ्यांचं शेवटचं पान उलटून बघा. पुष्कळदा तिथे लिहिलेलं असतं की अमुक गावच्या अमुक बाईने अमुक व्रताच्या उद्यापनानिमित्त ही प्रत मंदिरात दिली. नाव, गाव, तिथी. कधी नुसतं "अमक्याची मातोश्री" एवढंच. त्या बाईने ते पैसे कसे साठवले असतील, घरात कुणाला विचारलं असेल, ती पोथी तिला स्वतःला वाचता येत होती का, हे प्रश्न त्या पानाजवळ बसूनच वहीत उतरवा. उत्तरं दुपारी लिहा.

स्वाध्याय मंडळात चार जणींनी अशा चार गोष्टी वाचून दाखवल्या तर त्या दिवसाचा स्वाध्याय कुणाला विसरता येणार नाही. तुमची लिहून झाली की मला जरूर कळवा. कुठलं खरं आणि कुठलं रचलेलं, तेवढं मात्र खाली लिहायला विसरू नका!